न दिसणाऱ्या मिठाचा हिशेब

मराठी पाककृतीत मिठाचे प्रमाण बहुधा दोनच शब्दांत सांगितलेले असते : ‘चवीपुरते मीठ’. डाळ किती, तूप किती, हळद किती याचे माप दिलेले असते. मीठ मात्र गृहिणीच्या हाताच्या अंदाजावर सोडलेले असते. हा अंदाज पिढ्यान्‌पिढ्या बरोबर येत होता, कारण घरातले जवळजवळ सारे मीठ एकाच बरणीतून जात असे. उन्हाळ्यात पापड, लोणची, वड्या घरीच होत. त्यांतले मीठही त्याच हातून पडे. आमटी खारट झाली तर पहिल्या घासालाच कळे आणि दुसऱ्या दिवशी हात आवरता घेतला जाई.

आज ती बरणी एकटी राहिलेली नाही. फरसाण, खाकरा, पापड, बिस्किटे, ब्रेड, सॉस, चीज आणि ढोकळ्या-इडलीची तयार पिठे यांच्या पाकिटांतून येणारे मीठ दूर कुठल्या कारखान्यात, अनोळखी हाताने घातलेले असते. व्यापारी घराण्यांना रोजमेळाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. रोजमेळात न चढवलेला खर्च वर्षअखेरीस ताळेबंदात तूट होऊन समोर येतो. पाकिटांतल्या मिठाचेही तसेच आहे. ते कुठेच नोंदले जात नाही आणि एक दिवस डॉक्टरांच्या रक्तदाबमापकावर प्रकट होते. चातुर्मासात आहाराचे नियम नव्याने घेतले जातात. या काळात हा हिशेब एकदा मांडून पाहणे उचित ठरेल.

मर्यादा किती, सेवन किती?

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ व्यक्तीसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ ही मर्यादा सांगितली आहे. सपाट भरलेल्या चहाच्या चमच्याहून हे थोडे कमीच होते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी प्रसिद्ध केलेल्या आहार मार्गदर्शक तत्त्वांतही हीच मर्यादा आहे. प्रत्यक्षात, २०१७-१८ मध्ये झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतीय प्रौढांचे सरासरी सेवन दिवसाला ८ ग्रॅम आहे, पुरुषांचे ८.९ ग्रॅम आणि स्त्रियांचे ७.१ ग्रॅम. म्हणजे सरासरी पुरुष मर्यादेच्या पावणेदोन पटींहून अधिक मीठ खातो. मुंबईत २०२१ मध्ये झालेल्या पाहणीत सुमारे ३४ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले.

मिठाचा आणि रक्तदाबाचा संबंध सोपा आहे. मिठातील सोडियम शरीरात पाणी धरून ठेवते. त्यामुळे रक्तवाहिन्यांतून वाहणाऱ्या द्रवाचे आकारमान वाढते, वाहिन्यांच्या भिंतींवर ताण येतो आणि हृदयाला अधिक जोर लावावा लागतो. जादा सोडियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडे करतात. वर्षानुवर्षे त्यांच्यावर हा बोजा राहिला तर तीही थकतात. पक्षाघात, हृदयविकार आणि मूत्रपिंडाचे विकार या तिन्ही वाटांवर उच्च रक्तदाब उभा असतो. त्याला बहुधा कोणतेही लक्षण नसते. माणूस दुकानात बसतो, माल मोजतो, प्रवास करतो आणि आपण निरोगी आहोत असे समजतो.

शिर्डीच्या बाजारपेठेतील एक दिवस

शिर्डीसारख्या गावात हा प्रश्न विशेष ठळकपणे दिसतो. येथील बाजारपेठ मंदिराच्या घड्याळावर चालते. पहाटेच्या काकड आरतीपासून रात्रीच्या शेजारतीपर्यंत भाविकांची ये-जा सुरू असते. गुरुवार, सुट्ट्यांचे दिवस, रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमी या काळात तर दुकानदाराला उसंतच मिळत नाही. धूपारती सूर्यास्ताच्या सुमारास होते, आणि ज्या घरांत चौविहाराचा नियम आहे त्यांच्या सायंभोजनाची वेळही नेमकी तीच. गल्ल्यावर गर्दी असताना घरी जाऊन शांतपणे जेवणे अनेकांना जमत नाही. मग सूर्य मावळण्यापूर्वी दुकानातच खाकऱ्याचे पाकीट फोडले जाते, त्यावर शेव पडते, सोबत चहा येतो आणि नियम पाळल्याचे समाधान मिळते. नियम पाळला गेला हे खरेच आहे. त्या पाच मिनिटांत पोटात किती मीठ गेले, याची नोंद मात्र होत नाही.

याच गावात याच्या अगदी उलट चित्रही पाहायला मिळते. श्री साईबाबा संस्थानच्या प्रसादालयात रोज हजारो भाविक जेवतात. सूर्याच्या उष्णतेवर वाफ तयार करून स्वयंपाक करणारी तेथील यंत्रणा २००९ पासून प्रसिद्ध आहे. त्या ताटातील डाळ, भात, भाजी, चपाती त्या दिवशी शिजलेली असते आणि मीठ त्या दिवशीच्या चवीपुरते घातलेले असते. सहा महिने टिकावे, दूरच्या प्रवासातही कुरकुरीत राहावे, ही अट त्या अन्नावर नसते. पाकिटातील पदार्थावर ती असते. टिकवण्याचे सारे श्रेय मिठाला देता येणार नाही. कोरडेपणा, तेल, हवाबंद वेष्टन यांचाही त्यात वाटा आहे. परंतु चव ठसठशीत करणे, पाणी बांधून ठेवणे, जंतूंची वाढ रोखणे आणि पुन्हा पुन्हा हात पाकिटाकडे वळवणे ही कामे मीठ सर्वांत स्वस्तात करते. म्हणूनच उत्पादकाचा हात ते घालताना सैल असतो.

आता बाजारातील पाकिटांवर साधारणपणे आढळणारे आकडे घेऊन एका तिथीच्या दिवसाची बेरीज करू. सकाळी दोन मसाला खाकरे : सुमारे १५० मिलिग्रॅम सोडियम. चहाबरोबर चार बिस्किटे, तीही गोड : १०० मिलिग्रॅम. दुपारी दोन उडदाचे पापड : ४०० मिलिग्रॅम. लोणच्याची एक मोठी फोड, खारासह : ६०० मिलिग्रॅम. दुपारनंतर दुकानात ५० ग्रॅम शेव-फरसाण : ४०० मिलिग्रॅम. सायंकाळी ढोकळ्याबरोबर एक चमचा सॉस : १५० मिलिग्रॅम. एकूण १,८०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजेच साडेचार ग्रॅम मीठ. दिवसाची मर्यादा येथेच जवळजवळ संपली. आमटी, भाजी, भाकरी, ताक आणि खुद्द ढोकळा यांतील मीठ अजून मोजलेलेच नाही.

तिथीचे ताट

या हिशेबात तिथीचा दिवस मुद्दाम घेतला. अष्टमी, चतुर्दशी आणि पर्युषणाच्या दिवसांत हिरव्या भाज्या वर्ज्य असतात. जीवदयेच्या भावनेतून आलेला हा नियम आदरणीय आहे. परंतु भाजीची रिकामी झालेली जागा आज कशाने भरली जाते, हे पाहण्यासारखे आहे. पापडाची भाजी, शेवभाजी, गट्टे, मुगोडी, लोणचे आणि तळण हे पदार्थ त्या दिवशी हमखास पुढे येतात. पापडात मीठ असतेच. शिवाय पापडखार हाही सोडियमचाच क्षार आहे. असा पापड रश्शात सोडताना रश्शाला वेगळे मीठ घातले, तर तेच मीठ दोनदा जमा होते. शेवभाजीचेही तेच. दुसरीकडे, भाजीपाल्यातून मिळणारे पोटॅशियम सोडियमचा परिणाम काहीसा कमी करते. त्या दिवशी तेही ताटात कमी असते. त्यामुळे तिथीचे ताट दोन्ही बाजूंनी असमतोल होऊ शकते.

उपाय नियमाच्या चौकटीतच आहे. मूग, मटकी, चवळी, तूर, हरभरा या कडधान्यांत पोटॅशियम भरपूर असते. मोड न आणता शिजवलेले मूग किंवा चवळी, साधी डाळ, दूध, बिनखारा सुका मेवा आणि घरच्या परंपरेत चालत असल्यास पिकलेले केळे यांवर तिथीचे जेवण उत्तम होते. पापडाची किंवा शेवेची भाजी करायचीच असेल तर रस्सा अळणी ठेवावा, पापड-शेव मुरू द्यावी आणि चाखून मगच मिठाचा विचार करावा. बहुतेक वेळा मीठ घालावेच लागत नाही.

जैन परंपरेला मिठाचा विचार नवा नाही. कच्चे मीठ सचित्त मानले जाते आणि म्हणून ताटात वरून न घेण्याची सवय अनेक घरांत आहे. सहा बाह्य तपांत रसपरित्यागाचा समावेश आहे. चैत्र आणि आश्विन महिन्यांतील ओळीत नऊ दिवस आयंबिल करणाऱ्यांपैकी अनेक जण मीठही वर्ज्य करतात. अशांचा अनुभव ऐकण्यासारखा असतो. पहिले दोन-तीन दिवस अन्न बेचव लागते, पुढे धान्याची मूळ गोडी जाणवू लागते आणि पारण्यानंतर रोजचीच आमटी खारट वाटते. जिभेची मिठाची सवय काही आठवड्यांत बदलते असे आहारशास्त्रही सांगते.

काळमर्यादेचाही येथे उल्लेख करावा लागेल. मिठाई-फरसाण पावसाळ्यात १५, उन्हाळ्यात २० आणि हिवाळ्यात ३० दिवसांपर्यंतच घ्यावे, हा नियम घरातील वडीलधाऱ्यांना पाठ असतो. ज्या घरात हा नियम कसोशीने पाळला जातो, त्याच घरात महिनोन्‌महिने टिकणारी पाकिटे कपाटात रांगेने उभी असतील, तर एकदा थांबून पाहणे आवश्यक आहे.

पाकीट कसे वाचावे?

पाकिटावरील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगतो. ‘जैन’ हा शब्द कांदा, लसूण, बटाटा नसल्याचे सांगतो. दोन्ही खुणा पदार्थात काय नाही ते सांगतात. मीठ किती आहे याबद्दल त्या काहीच बोलत नाहीत. ‘भाजलेले’, ‘मल्टिग्रेन’, ‘डाएट’ या शब्दांचेही तसेच आहे. भाजलेल्या चिवड्यात तेल कमी असेल, मीठ कमी असेलच असे नाही.

खरी माहिती मागच्या बाजूला, बारीक अक्षरांच्या तक्त्यात असते. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार पोषणमूल्यांच्या तक्त्यात सोडियम दाखवावे लागते. साखर, मीठ आणि संपृक्त चरबी यांची माहिती ठळक व मोठ्या अक्षरांत छापण्याच्या प्रस्तावालाही प्राधिकरणाने जुलै २०२४ मध्ये मान्यता दिली. तक्ता वाचताना चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, गुणाकार. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. १०० ग्रॅम पदार्थात ८०० मिलिग्रॅम सोडियम असेल, तर मीठ २,००० मिलिग्रॅम, म्हणजे २ ग्रॅम. असे २०० ग्रॅमचे पाकीट दोघांनी मिळून संपवले, तर प्रत्येकाच्या पोटात २ ग्रॅम मीठ गेले.

दुसरी, माप. आकडा १०० ग्रॅमचा आहे की एका ‘सर्व्हिंग’चा, ते आधी पाहावे. सर्व्हिंग अनेकदा २० किंवा ३० ग्रॅमची धरलेली असते. गल्ल्यावर बसून खाल्लेली मूठ त्याहून मोठी असते.

तिसरी, तुलना. ब्रिटनमध्ये वापरला जाणारा सोपा निकष येथेही उपयोगी आहे. १०० ग्रॅममध्ये १२० मिलिग्रॅमपर्यंत सोडियम असेल तर प्रमाण कमी, ६०० मिलिग्रॅमहून अधिक असेल तर जास्त. एकाच प्रकारच्या दोन कंपन्यांच्या पाकिटांत मोठा फरक आढळतो. तेथेच निवड करता येते.

चौथी, दुसऱ्या नावाने आलेले सोडियम. घटकांच्या यादीत सोडियम बायकार्बोनेट (क्रमांक ५००), सोडियम बेन्झोएट (२११), मोनोसोडियम ग्लुटामेट (६२१) अशी नावे किंवा क्रमांक असतात. यांपैकी पहिला म्हणजे आपला खाण्याचा सोडा. त्याला खारट चव नाही म्हणून तो हिशेबात धरला जात नाही. पण एक चहाचा चमचा सोड्यात सुमारे १,२०० मिलिग्रॅम सोडियम असते. ढोकळा, हांडवा, भजी, नानकटाई यांत सोडा जातो. ‘आम्लपित्तावर’ म्हणून रोज घेतल्या जाणाऱ्या फ्रूट सॉल्टमध्येही मुख्यतः तोच असतो. गोड बिस्किटात आणि ब्रेडमध्ये मीठ जाणवत नाही, याचे एक कारण गोडी ते झाकते हे आहे, आणि दुसरे म्हणजे ते पृष्ठभागावर नसून साऱ्या पिठात मिसळलेले असते.

काही समज

सैंधव किंवा गुलाबी मीठ कितीही वापरले तरी चालते, असा समज अनेक घरांत आहे. सैंधव आणि पादेलोण हेही बहुतांशी सोडियम क्लोराइडच आहेत. रक्तदाबाच्या दृष्टीने त्यांना सूट नाही. शिवाय सैंधव सामान्यतः आयोडीनयुक्त नसते. म्हणून रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच ठेवावे, प्रमाण मात्र कमी करावे.

कमी सोडियमचे, पोटॅशियमयुक्त मीठ बाजारात मिळते. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये त्याच्या वापराला अनुकूल शिफारस केली आहे. परंतु मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना आणि रक्तदाबाची काही विशिष्ट औषधे घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकते. गर्भवती स्त्रिया आणि मुले यांनाही ती शिफारस लागू नाही. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घरात आणू नये. त्याचप्रमाणे रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या व्यक्तीने मीठ कमी केले म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये, आणि दीर्घ तपस्या करायची असल्यास आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

उन्हाळ्यात घाम येतो म्हणून मीठ जास्त हवे, हाही समज सावलीत बसून व्यापार करणाऱ्यांना लागू पडत नाही. जुलाब, उलट्या किंवा उन्हातील कष्टाचे काम यांची गोष्ट वेगळी.

घरातील आणि दुकानातील उपाय

पहिला उपाय एका वजाबाकीचा आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला दिवसाला ५ ग्रॅमप्रमाणे महिन्याला ७५० ग्रॅम मीठ पुरेसे आहे, आणि त्यात पाकिटांतील मीठही आले. एक किलोची पिशवी फोडताना तिच्यावर तारीख लिहावी. ती महिन्याच्या आत संपत असेल, तर पाकिटे न मोजताच मर्यादा ओलांडली गेली आहे.

दुसरा उपाय पाच-सहा पदार्थांपुरताच आहे. सारे पदार्थ एकाच दिवशी बंद केले की आठवड्याभरात ते परत येतात. त्याऐवजी लोणचे खारासह न घेता लहानशी फोड घ्यावी. पापड रोज न घेता आठवड्यातून एक-दोनदाच, एकच घ्यावा. कणकेत आणि भातात मीठ घालू नये. ताकात मिठाऐवजी भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी. लिंबू, आमसूल, कैरी, मिरी, जिरे, ओवा, हिंग आणि कढीपत्ता यांनी मिठाची उणीव बरीच भरून निघते. जैन स्वयंपाकघराला ही सारी सामग्री परिचित आहे.

तिसरा उपाय दुकानातील डब्याचा. सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचणे शक्य नसेल, तर सकाळीच घरून डबा न्यावा : घरी केलेले मीठ न घातलेले खाकरे, भाजलेले बिनखारे चणे, शेंगदाणे, लाह्या, मखाणे, फळ. गल्ल्याखालच्या फरसाणाच्या बरणीची जागा या डब्याने घेतली, तर दिवसातील मोठा भाग सहज कमी होतो.

मुलांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक नाजूक आहे. दुकानदाराच्या मुलाला पाकीट मागावे लागत नाही, ते हाताशीच टांगलेले असते. नूडल्सच्या एका लहान पाकिटात साधारणतः दोन ग्रॅमच्या आसपास मीठ असते, आणि त्यातील बराच भाग मसाल्याच्या पुडीत असतो. ती पुडी अर्धीच वापरली तरी मीठ बरेच कमी होते. दहाव्या वर्षी जिभेला जी पट्टी लागते, तीच बहुधा चाळिसाव्या वर्षीही राहते.

व्यापाऱ्याची बाजू

या विषयात जैन समाज केवळ ग्राहक नाही. फरसाण, खाकरे, पापड, मसाले यांच्या निर्मितीत आणि वितरणात समाजातील अनेक कुटुंबे आहेत. मीठ कमी केले तर माल खपणार नाही, ही त्यांची भीती समजण्यासारखी आहे. ब्रिटनचा अनुभव मात्र धीर देणारा आहे. तेथे शासनाने उत्पादकांसमोर उद्दिष्टे ठेवली आणि ब्रेडपासून सॉसपर्यंतच्या पदार्थांतील मीठ एकदम न घटवता टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आले. ग्राहकाची जीभ हळूहळू बदलत गेली. सन २००१ च्या सुमारास दिवसाला सरासरी ९.५ ग्रॅम असलेले सेवन २०११ पर्यंत ८.१ ग्रॅमवर आले.

घरगुती उद्योग चालवणाऱ्यालाही हे करता येईल. दर तीन महिन्यांनी एका घाण्यातील मीठ थोडे थोडे घटवले, तर गिऱ्हाइकाला फरक जाणवणार नाही. सुट्या फरसाणाच्या बरणीवर आणि घरगुती खाकऱ्याच्या पिशवीवर बहुधा कोणताच आकडा नसतो. तेथे किलोमागे किती मीठ घातले, हे प्रामाणिकपणे लिहिले तर तीही एक सचोटीच आहे. शिर्डीत येणारा भाविक परतीच्या प्रवासासाठी काहीतरी विकत घेतोच. त्याच्यासमोर चिप्सच्या माळेशेजारी बिनखारे चणे-शेंगदाणे, फळे, राजगिऱ्याचे लाडू मांडले, तर विक्रीही होते आणि कोणाच्या तरी रक्तदाबाचा भार दुकानदाराच्या हातून वाढत नाही.

चौदा नियम धारणारा श्रावक रोज सकाळी आपण किती द्रव्ये घेणार, याची मर्यादा ठरवतो. भोगोपभोग परिमाण व्रताचा आशयही मर्यादा हाच आहे. या चातुर्मासात त्यात आणखी एका नोंदीची भर घालावी. घरात येणाऱ्या प्रत्येक पाकिटावरील सोडियम एका वहीत महिनाभर लिहावे, अडीचने गुणावे आणि माणसांच्या संख्येने भागावे. त्याच महिन्यात घरातील तीस वर्षांवरील प्रत्येकाने रक्तदाब मोजून तोही त्याच पानावर लिहावा. संस्थानच्या रुग्णालयात किंवा जवळच्या कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात या तपासणीला दोन मिनिटे लागतात. संवत्सरीपर्यंत ते पान भरलेले असेल, आणि कोणते पाकीट घरात यावे व कोणते दुकानातच राहावे, हे त्यावरून कुटुंबाने एकत्र बसून ठरवावे.